फायबर गावात यायलाच हवं, पण चर मारायच्या आधी पाण्याची वाट विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतनेट, म्हणजे फायबरची केबल टाकून गावोगावी इंटरनेट नेण्याची सरकारी योजना, तिच्या नव्या टप्प्यातून ग्रामपंचायतीत आणि पुढे घरोघरी फायबर येणार अशा बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून असतात आणि आली बातमी की आमच्या गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो कधी एकदाचं येतंय, खणा पाहिजे तिथे. दुसरा म्हणतो अजून किती डोंगर फोडणार, नको आम्हाला तुमचं नेट. मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते, घरची आंब्याची थोडी कलमं आहेत, काजू आहे, गर घरीच काढतो आणि त्यातला बराचसा माल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरीने जातो, म्हणजे नेट मला पाहिजेच. आणि जिथे चर मारतात तो उतारही आमच्याच शेताच्या वरचा. त्यामुळे माझं दोन्ही तटांशी भांडण आहे. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त पाण्याचा भाग ठेवा.

आधी नको म्हणणाऱ्यांशी बोलते. मुंबईला बसून कोकण आहे तसंच राहू दे म्हणणं सोपं आहे हो. इथे रेशनला अंगठा लावायचा तर मशीनला रेंज लागते, पीएम किसानची केवायसी, ई-पीक पाहणी, सातबारा, पोरांचे दाखले, आंब्याच्या विम्याचा फॉर्म, सगळं नेटवर गेलंय आणि नेट मात्र वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, एका ठराविक दगडाजवळ उभं राहिलं तर येतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पोरं रानात मांडव घालून अभ्यासाला बसत होती, पेपरात फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं. मला तेव्हाही कळलं नाही की यात कौतुक कसलं, पावसात मुलीला अभ्यासासाठी डोंगरावर बसावं लागतं याची लाज वाटायला हवी होती. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, दोन्ही वेळेला वीज गेली, मग टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, मग फोन गेले, आणि मुंबईतले चाकरमानी इकडे आईवडील जिवंत आहेत का ते कळावं म्हणून तालुक्याला ओळखीच्यांना फोन लावत बसले. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेला दरड आली, 80 च्या वर माणसं गेली, मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अशा ठिकाणी बोलायला एक पक्की लाईन असणं ही काय चैन आहे का?

आणि पर्यावरणाच्याच बाजूने बघितलं तरी फायबरला नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड जातो, एकदा नीट गाडली की वाटेत तिला वीजही लागत नाही. एका लाईनची अनेक घरांत वाटणी करणारा जो स्प्लिटर असतो त्यालाही लागत नाही, वीज लागते ती फक्त दोन टोकांना. टॉवरचं तसं नाही, त्याला चोवीस तास वीज, एसी नाहीतर पंखे, वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेलचा जनरेटर, आणि कोकणात पावसाळ्यात वीज किती असते ते मी सांगायला नको. तेव्हा टॉवरवर टॉवर उभे करण्यापेक्षा घरापर्यंत फायबर आणि मधेमधे मोजके टॉवर हे जमिनीला परवडणारं आहे असं माझं मत आहे. उपग्रहाच्या इंटरनेटची पण चर्चा चालू आहे, अगदी तुटक चार घरांच्या वाडीला त्याचा उपयोग होईलही, पण आख्खं गाव त्यावर चालवणं खिशाला झेपणार नाही.

आता खणा पाहिजे तिथे म्हणणाऱ्यांकडे येते, आणि इथेच मला जास्त बोलायचंय.

फायबरच्या कामाचा कागदावरचा नियम साधा आहे, साधारण 1.65 मीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट खोल चर, त्यात जाड प्लॅस्टिकचा पाईप, त्या पाईपात केबल, वरून माती दाबून भरायची. कातळ लागला तर खोली कमी चालते पण मग काँक्रीट किंवा लोखंडी पाईप घालून संरक्षण द्यायचं. देशावरच्या काळ्या मातीत हे होत असेल. आमच्याकडे दोन हात खाली जांभा दगड लागतो, जेसीबीचा दात खरडतो, मग ब्रेकर आणायचा तर भाडं वेगळं. म्हणून काय करतात, रस्त्याच्या कडेचं जे गटार आधीच खणलेलं असतं त्यातच अजून हातभर खाली जातात, पाईप टाकतात आणि निघालेली माती साईडपट्टीवर ढीग करून ठेवतात, किंवा परत गटारातच ढकलतात. दिसायला काम झालं. फोटो काढला, बिल झालं.

हे गटार कोणी शोभेला काढलेलं नसतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. हे पाणी डोंगरावरून कुठून उतरणार, रस्त्याखालच्या कुठल्या मोरीतून जाणार, कुठल्या पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, मिळणार हे जुन्या माणसांनी पिढ्यानपिढ्या बघून ठरवलेलं असतं, त्याप्रमाणे दगडांचे गडगे घातलेत, पाणंदी ठेवल्यात, भाताच्या कुणग्यांना बांध घातलेत. त्या वाटेत तुम्ही भुसभुशीत माती भरलेला लांबच लांब चर मारला की मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाला पाणी गटार सोडून त्या चरात शिरतं. मोकळी माती घेऊन आतल्या आत पळत सुटतं आणि जिथे रस्ता वळतो तिथे, पाईप वळतो पण पाणी वळत नाही, ते सरळ खाली कुणाच्यातरी शेतात उतरतं. आमच्याकडे ते लावणीच्या कुणग्यात उतरलं. तांबडा गाळ गुडघाभर, वरच्या अंगाचा गडगा कोसळला, मोरीचं तोंड त्या ढकललेल्या मातीने बुजलेलं, म्हणून रस्त्यावरून पाणी, आणि शेजारची काकी सकाळी कळशी घेऊन दारात, "गो, बावीचा पाणी तांबडा येता." तिच्या विहिरीच्या वरच्या अंगाला जो झिरपा होता तो चराने कापला होता. जांभा म्हणजे सगळा भोकाभोकांचा दगड, पाणी त्यातून मुरत मुरत येतं, मधेच आडवा चर आला की ते पाणी चराने निघून जातं. ती विहीर पुढच्या उन्हाळ्यात एरवीपेक्षा लवकर आटली. चरामुळेच आटली असं कोर्टात सिद्ध करता येणार नाही मला, पण वाडीत कुणाला शंका नाही.

काम कुणाचं, कॉन्ट्रॅक्टर कोण, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव छापून बाकीचे सुटतात, आणि सगळीकडे असंच चालतं हे तुमच्या वाचकांना माहीत आहे.

गंमत पुढे आहे. पाण्याने माती नेली म्हणजे पाईप उघडा पडला. उघडा पाईप गटारात लोंबकळतोय, त्यावर गणपतीच्या आधी बांधकामवाल्यांचा जेसीबी गटार साफ करायला आला, त्याने तो ओढला, केबल तुटली. नेट बंद. तुटलेली काच जोडायला स्प्लायसिंगची मशीन घेऊन माणूस बाहेरून येतो, तो आला तेव्हा नवरात्र उलटलं होतं, आणि प्रत्येक जोडाला थोडा उजेड कमी होतो तो वेगळाच. दिवाळीनंतर पुन्हा तोच चर उकरला. म्हणजे जमिनीची वाट लागली आणि नेटही नाही. हे मला ओरडून सांगायचंय की पर्यावरण एका बाजूला आणि नेट दुसऱ्या बाजूला असं काही नाहीये, कोकणात तरी नाही. ज्या चराने झरा कापला त्याच चरातली केबल पावसाळ्यात वाहून जाते, आणि उतार, मोरी, मुळं सांभाळून मारलेल्या चरातली केबल टिकते. फायबर कंपनीला झाडापेडाचं प्रेम नसलं तरी चालेल, स्वतःची केबल वाचवायची म्हणून तरी पाण्याची वाट बघा ना.

मुळांचं पण सांगते. चर झाडाच्या बुंध्याला खेटून मारला की एका बाजूची मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही, हिरवंगार दिसतं, सगळे म्हणतात बघा काही झालं नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांनी वारा सुटतो आणि तो आईन नाहीतर फणस मुळासकट रस्त्यावर येतो, सोबत विजेचा खांब घेऊन. तेव्हा पंचनाम्यात लिहितात वादळामुळे झाड पडले.

मग खांबावरूनच केबल न्या, खणायलाच नको, असं काही लोक सुचवतात. काही ठिकाणी ते बरोबर आहे, विशेषतः पाखाडीच्या वाड्या, जिथे दगडी पायऱ्या उखडून चर मारणं म्हणजे वेडेपणा. पण आपल्याकडे खांब आणि झाडं यांचं दरवर्षी युद्ध चालू असतं. केबलसाठी दरवर्षी फांद्या छाटणार, आणि निसर्ग-तौक्तेसारखं एखादं आलं की खांबासकट सगळं आडवं. अलिबागसारख्या ठिकाणी विजेच्या तारासुद्धा वादळाच्या भीतीने जमिनीखाली नेल्यात. म्हणजे सरसकट एकच उत्तर नाही, वाडी बघून ठरवावं लागेल, आणि वाडी बघायला कुणी येत नाही हीच तर तक्रार आहे.

आता नव्या टप्प्यात काय होणार त्याची मला जास्त काळजी वाटते. ही योजना मुळात 2011 मध्ये मंजूर झाली, तेव्हा नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, 2015 ला भारतनेट झालं, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. ऑगस्ट 2023 ला सुधारित कार्यक्रम मंजूर झाला 1,39,579 कोटींचा, आणि त्यात एक चांगली सुधारणा आहे, ती म्हणजे रिंग. आधी तालुक्यापासून गावापर्यंत सरळ एक लाईन जायची, मधे कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद. आता लाईन गोल फिरवून परत आणायची, एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. ऐकायला छान, आणि खरंच गरजेचं आहे. पण जरा आमच्या गावांचा नकाशा डोळ्यासमोर आणा. हायवेवरून एक रस्ता आत वळतो, डोंगर उतरतो, गावात येतो आणि खाडीला जाऊन संपतो. गावाला यायची वाटच एक! मग रिंग पुरी करायची तर दुसरी वाट कुठून काढणार? सड्यावरून, रानातून, नाहीतर खाडीच्या कडेने कांदळवनातून. म्हणजे आतापर्यंत जे रस्त्याच्या कडेला चाललं होतं ते आता जिथे कधीच जेसीबी गेला नव्हता तिथे जाणार. हे कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

त्यात सड्याचं तर कुणालाच काही वाटत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा, उन्हाळ्यात बघितलं तर करपलेला कातळ, आंब्याचं झाड नाही की शेत नाही, कुणी हरकत घेत नाही, उंच असल्यामुळे रेंज लांब जाते, म्हणून टॉवर नेहमी सड्यावर. एक टॉवर म्हणजे चार खांबांची जागा असं वाटतं, पण तिथपर्यंत जायला कच्चा रस्ता मारतात, डिझेलची गाडी जायला हवी ना, मग बाजूला दगड फोडून टाकलेला, आणि एकदा रस्ता झाला की त्यावरून पुढे चिरेखाण येते. तोच सडा ऑगस्टमध्ये बघायला या. एवढ्या एवढ्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात जांभळी, पांढरी, पिवळी फुलं, त्यात किडे खाणाऱ्या सीतेच्या आसवांपासून ते दिपकाडीपर्यंत, आणि त्यातल्या काही वनस्पती जगात फक्त आपल्याच भागात सापडतात. आणि सड्यावर पडलेलं पाणीच मुरून खाली आमच्या विहिरींना येतं, हे तर शाळेत शिकवायला हवं. वर कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण, सिंधुदुर्गात कुडोपी, ही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही झाली माहीत असलेली, माहीत नसलेली अजून किती असतील ते सांगता येत नाही, मातीच्या पातळ थराखाली झाकलेली नवी चित्रं सापडतच असतात. त्यावरून ट्रेंचर फिरला तर कुणाला कळणारही नाही, कारण ड्रायव्हरला ते कातळावरचे ओरखडे वाटणार. म्हणून सड्यावर मशीन चढायच्या आधी ज्याला कातळ वाचता येतो असा माणूस आणि गावातला एखादा गुराखी अशा दोघांनी ती वाट चालून बघावी एवढीच मागणी आहे. एका दिवसाचं काम आहे.

कांदळवनाबाबत तर कायदा बऱ्यापैकी कडक आहे. मुंबई हायकोर्टाने 2018 च्या निकालात कांदळवनं तोडायला आणि भराव टाकायला बंदी घातली, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांत, ती सगळ्यात वरच्या संरक्षित वर्गात येतात. लोकोपयोगी कामाला परवानगी मिळते, पण ती मागावी लागते. आमच्या इकडे चिपीच्या, म्हणजे कांदळाच्या, झाडांना कोण विचारतो, खाडीकाठच्या खाजणातून सरळ चर मारला की अंतर वाचतं. तिथे पुलाला लोखंडी पाईप अडकवून केबल नेता येते, नसेल पूल तर जमिनीखालून आडवं भोक पाडणारी मशीन असते तिने खाडीच्या नाहीतर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तळाखालून पाईप ओढता येतो, फक्त त्या मशीनमधून जो चिकणमातीचा रबडा निघतो तो तिथेच पाण्यात सोडायचा नाही. व्हाळात सोडला तर मासे मरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर चढणीचे मासे वर यायला निघतात तेव्हा तर नकोच नको.

जंगलखात्याच्या जमिनीतून फायबरसाठी सरकारने आधीच सरसकट परवानगी दिलेली आहे हे बऱ्याच जणांना माहीत नाही. रस्त्याच्याच हद्दीत, एकही झाड न तोडता, दोन मीटर खोल आणि एक मीटर रुंद याच्या आत चर असेल आणि अभयारण्य नसेल तर. म्हणजे कायदा अडवत नाही, कायदा म्हणतोय रस्त्याच्या हद्दीत राहा आणि झाड तोडू नका. त्यामुळे पर्यावरणवाल्यांनी काम अडवलं हे जे रडगाणं कॉन्ट्रॅक्टर लोक गातात त्यात मला फार दम वाटत नाही. बाकी पश्चिम घाटाचं मोठं गाऱ्हाणं वेगळंच आहे, तो कसा वाचवायचा ते सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन यांचा 2013 चा, आणि 2014 पासून अधिसूचनेचे मसुदेच निघतायत, 2024 ला सहावा निघाला. तेवढं थांबायला आमच्याकडे वेळ नाही, चर उद्या मारतायत.

सगळ्यात चीड येते ती एकच रस्ता पुन्हा पुन्हा खणण्याची. जलजीवनचे, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेचे, पाईप आले, 2019 ला योजना जाहीर झाली आणि मग गावोगाव चर सुरू झाले, रस्त्याच्या एका कडेने चर. मग फायबर आलं, दुसऱ्या कडेने चर. मग एका मोबाईल कंपनीचं स्वतःचं फायबर, पहिल्या चराच्या शेजारी अजून एक. जलजीवनवाल्यांनी खणताना त्याच चरात एक रिकामा पाईप टाकून ठेवला असता तर काय बिघडलं असतं? पाईप स्वस्त आहे हो, खणणं महाग आहे. मुंबई-गोवा हायवे तर इतकी वर्षं खोदून ठेवलाय की त्यात दहा कंपन्यांचे पाईप बसले असते. कोकण रेल्वेच्या रुळांशेजारून फायबर आधीच गेलेलं आहे, रोह्यापासून पार खाली मंगळूरच्या बाजूपर्यंत, म्हणजे रिंगची दुसरी बाजू जिथे शक्य आहे तिथे रेल्वेकडून का घेऊ नये? सरकारचं एक खातं सरकारच्या दुसऱ्या खात्याशी बोललं तर निम्मे सडे वाचतील. मार्च 2023 मध्ये केंद्राने कॉल बिफोर यू डिग नावाचं अ‍ॅप काढलं, खणणाऱ्याने आधी कळवायचं म्हणजे खाली कुणाची केबल, कुणाचा गॅसपाईप आहे ते कळतं. चांगली गोष्ट आहे. पण खाली कुणाचा झरा आहे ते सांगणारं अ‍ॅप नाही, ते सांगणारी काकी आहे आणि तिला कुणी कॉल करत नाही.

आणि वेळ. हे मला वाटतं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. निधी खर्च करायचा 31 मार्चच्या आत, म्हणून डिसेंबर-जानेवारी कागद फिरण्यात जातात, मार्चमध्ये वर्क ऑर्डर, आणि प्रत्यक्ष खणाई एप्रिल-मे. म्हणजे बुजवलेली माती बसायच्या आत पाऊस. दिवाळीनंतर भातं कापून झाली की खणायला घ्या, फेब्रुवारीत बुजवा, तीन महिने माणसं-गुरं त्यावरून चालतील, मे मधल्या वळवाच्या पावसात कुठे खचतंय ते दिसेल, ते जूनच्या आत दुरुस्त होईल. यासाठी कुठला नवा कायदा लागत नाही. उतारावर चराच्या आत ठराविक अंतरावर दगडामातीचे आडवे बांध घातले की पाणी आतून पळत नाही, हे आमचा कुठलाही गवंडी सांगेल, पाईप टाकणाऱ्याला सांगायला काय पैसे पडतात?

जे कचरा करून जातात त्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याही दारात असेलच. पाईपाचे तुकडे पऱ्ह्यात, केबलचे लाकडी ड्रम झाडीत, टॉवरच्या जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला, तो त्या फोडून शिसं काढतो आणि आतलं अ‍ॅसिड जमिनीत ओततो. ग्रामपंचायतीच्या कपाटावर पहिल्या टप्प्यातला नेटचा डबा धूळ खात पडलाय, लाईट लागत नाही त्याचा. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे वेगळे आहेत, दोन्हींत बनवणाऱ्यावर परत घेण्याची जबाबदारी आहे, फक्त आमच्या वाडीत येऊन परत घ्यायला कुणी आलेलं नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काही नाही असं सरपंच म्हणतात ते अर्धंच खरं आहे. केबलसाठी खणायच्या परवानगीच्या 2016 च्या नियमांत फी अगदी किरकोळ होती, किलोमीटरला जास्तीत जास्त हजार रुपये, पण त्यातच होतं की खणलेलं पूर्ववत करून द्यायचं नाहीतर त्याचा खर्च भरायचा. आता 2023 च्या टेलिकॉम कायद्याखालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून आलेत, अर्ज ऑनलाईन असतो, आणि पूर्ववत करण्याची जबाबदारी काही गेलेली नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. आमच्या गावचीही आहे, कुणीतरी बाहेरच्याने येऊन भरून दिली, त्यात आंबा, काजू, फणस लिहिलंय, देवरहाटीतला, म्हणजे देवाच्या राखलेल्या रानातला, झरा लिहिलेला नाही. ती वही नीट करा. झरे, विहिरींचे झिरपे, मोऱ्या, देवरहाटी, सड्यावरची तळी, कातळशिल्पं, जुनी झाडं, एवढं गावच्या नकाशावर शाळेच्या मुलांकडून काढून घ्या आणि कंपनीचा माणूस आला की आधी तो कागद त्याच्या हातात द्या. त्याला पण बरं, त्याची केबल कुठे वाहून जाईल ते फुकट कळेल.

देवरहाटीचं एक सांगायचं राहिलं. तिथे कुणी चर मारायची हिंमत करत नाही, देवाची भीती अजून आहे. पण हल्ली कडेने जायला काय हरकत असं म्हणून देवाला कौल लावतात, आणि कौल कसा मिळतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा संपादकसाहेब, तुमच्या तालुका प्रतिनिधींना एक काम सांगा. ग्रामपंचायतीला फायबर आलं, फीत कापली, ही बातमी देताना त्याच बातमीत तीन ओळी अजून द्या की चर कुठल्या महिन्यात मारला, कुठल्या मोऱ्यांवरून गेला आणि पावसाळ्यानंतर नेट चालू आहे का. पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच गावात जाऊन बघा. आणि वाचकांना माझी विनंती आहे की पुढच्या ग्रामसभेत, 15 ऑगस्टची असो नाहीतर 2 ऑक्टोबरची, फायबरची लाईन कुठून जाणार त्याचा नकाशा मागा, रिंगची दुसरी बाजू कुठून येणार ते नक्की विचारा, आणि कामाच्या ठिकाणी जो बोर्ड लागतो त्यावर सुपरवायझरचा चालू असलेला मोबाईल नंबर मराठीत मोठ्या अक्षरात लिहायला लावा. आमच्याकडच्या बोर्डावर जो नंबर होता तो पावसाने धुऊन गेला, आणि असता तरी लावायला सड्यावरच जावं लागलं असतं.

आपली एक वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी